प्लिमथचा खडक: पहिलं पाऊल खरंच तिथे पडलं का?

'धर्मासाठी देश सोडलेल्या पिल्ग्रिम लोकांनी १६२० साली अमेरिकेत पहिलं पाऊल प्लिमथच्या खडकावर ठेवलं', असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा वाटणं अगदी साहजिक आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, प्लिमथ गावच्या किनाऱ्यावरच्या त्या खडकावर '१६२०' कोरलेलंच आहे. मात्र हा आकडा कोरला गेला १८८० मध्ये.

या पिल्ग्रिम लोकांचं मेफ्लॉवर जहाज नोव्हेंबर १६२० मध्ये आधी केप कॉड या भूशिराच्या टोकाशी, आजच्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ थांबलं. लोक पहिल्यांदा उतरले ते तिथे. प्लिमथ गाठलं डिसेंबरात. खडकाची गोष्ट पुढे आली थेट १७४१ मध्ये. धक्का बांधायचं ठरलं, तेव्हा ९४ वर्षांच्या एका आजोबांनी 'हाच तो खडक' म्हणून दाखवला. त्यांचा जन्म १६४७ चा, म्हणजे त्यांनीही ते मोठ्यांकडूनच ऐकलेलं. आजोबा खोटं बोलले असं मला मुळीच वाटत नाही, पण ही आठवण ऐकीव होती.

पडताळणी सोपी आहे. त्या जहाजातून आलेल्यांनीच लिहिलेले दोन वृत्तांत इंटरनेटवर मोफत वाचता येतात; एक तर १६२२ सालीच छापलेला. त्यांत गारठलेल्या पाण्यातून चालत किनारा गाठणं आहे, वाळूत पुरलेला मका सापडणं आहे. खडकावर उतरल्याचं मात्र कुठेच नाही.