सीआरपीएस आणि लवकर उपचार

सीआरपीएस म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, हाताला किंवा पायाला मार लागल्यावर सुरू होणारं आणि दुखापत भरून आली तरी न थांबणारं दुखणं. बऱ्याचदा सुरुवात मनगटाच्या फ्रॅक्चरपासून होते, पण नुसता घोटा मुरगळला तरी होऊ शकतं. प्लास्टर निघतं, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसतं आणि हाताची मात्र आग आग होते, सूज येते, कधी लालबुंद कधी निळसर पडतो, दुसऱ्या हातापेक्षा गरम नाहीतर गार लागतो. चादरीचा काठ घासला तरी माणूस कळवळतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांमध्ये डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी असंच जळजळणारं दुखणं पाहिलं आणि त्याला कॉसाल्जिया म्हटलं. आत्ताचं नाव १९९४ पासूनचं.

आता मुद्द्याचं, म्हणजे उपचार लवकर का हवेत. दुखतं म्हणून हात हलवत नाही, हलवत नाही म्हणून सांधे आखडतात, स्नायू बारीक होतात, हाड ठिसूळ व्हायला लागतं, मेंदूलासुद्धा त्या हाताची नीट ओळख राहत नाही, आणि हे चक्र जितकं जुनं तितकं मोडायला अवघड. मनगट मोडल्यावर पहिल्याच आठवड्यात दुखणं १० पैकी ५ किंवा जास्त असेल तर लक्ष ठेवायलाच हवं, "होईल हळूहळू बरं" म्हणत महिने घालवू नयेत, आणि पेशंटला "मनाचे खेळ आहेत" असं तर कोणीच म्हणू नये, हे खरं दुखणं आहे.

उपचारांचा कणा फिजिओथेरपी. औषधं असतात, गरज पडली तर नर्व्ह ब्लॉक म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शनही देतात, पण ते मुख्यतः हात हलवता यावा म्हणून. आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल असं त्वचेवर फिरवून स्पर्शाची सवय लावतात. मिरर थेरपीत दुखरा हात आरशामागे ठेवून चांगला हात हलवायचा, आरशात बघताना मेंदूला वाटतं दुखराच हात न दुखता हलतोय.

निदानाला एक अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर बुडापेस्ट निकष, म्हणजे सीआरपीएसच्या लक्षणांची ठरलेली यादी लावतात, त्यात तपासताना दिसलेलं आणि पेशंटने सांगितलेलं दोन्ही धरतात. रंग आणि सूज दिवसभरात बदलत राहते, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत हात अगदी नॉर्मल दिसू शकतो, म्हणून घरीच दोन्ही हात शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत, तारीख-वेळेसकट.