लेट गाडीची भरपाई : नियम 114 पासून तेजसपर्यंत

गाडी चार तास लेट झाली की फलाटावर कुणीतरी विचारतंच, 'याचे पैसे मिळतात का हो?' मिळतात, पण प्रवास सोडून दिला तर. 2015 च्या परतावा नियमांनुसार गाडी तुमच्या स्थानकावर तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि ती सुटण्याआधी तुम्ही तिकीट परत केलं किंवा टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरला, तर पूर्ण भाडं परत मिळतं. रात्रभर ताटकळून त्याच गाडीनं गेलेल्याला मात्र काहीच नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

याचं मूळ रेल्वेच्या कोचिंग टॅरिफमधल्या, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या दर-नियम पुस्तिकेतल्या, नियम 114 मध्ये आहे. गाड्या वेळेवर सुटतील-पोहोचतील याची हमी नाही आणि उशिरामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारीही नाही, असं तो सांगतो. 1989 मध्ये रेल्वे दावा न्यायाधिकरण सुरू झालं, पण त्याच्याकडे गेले ते अपघाती मृत्यू, इजा, मालाचं नुकसान आणि भाड्याचा परतावा हे विषय. वाया गेलेल्या वेळेचा दावा कुठे करायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

वाट निघाली ती 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून. त्यात वाहतूक ही 'सेवा' ठरली होती. जून 2016 मध्ये अजमेर-जम्मू गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. पुढचा रस्ता टॅक्सीनं गाठावा लागला. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचापासून निघालेलं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे रेल्वेनं नियम 114 च पुढे केला. 6 सप्टेंबर 2021 रोजी न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि अनिरुद्ध बोस यांनी तो बचाव नाकारला. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणानं झाला हे रेल्वेनं दाखवून द्यावं, नाहीतर भरपाई द्यावी, असं त्यांनी म्हटलं. टॅक्सीचे 15,000 रुपये कायम झाले, शिवाय बुकिंगचे 10,000 आणि मनस्ताप व दाव्याचा खर्च म्हणून 5,000-5,000. त्यासाठी पाच वर्षं गेली.

दावा न लावता भरपाई मिळण्याचा प्रयोग आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट-पर्यटन कंपनीनं, ती स्वतः चालवत असलेल्या तेजस एक्सप्रेस गाड्यांत केला. ऑक्टोबर 2019 पासून लखनौ-नवी दिल्ली तेजसमध्ये आणि पुढे अहमदाबाद-मुंबई तेजसमध्येही, तासाहून जास्त उशिराला 100 रुपये, दोन तासांहून जास्त उशिराला 250. फेब्रुवारी 2024 मध्ये ती योजना बंद झाली.