आंतरराष्ट्रीय संबंधांतले विद्यार्थी-पुरस्कार: अर्ज कोणी करायचा आणि कधी

आंतरराष्ट्रीय संबंधांत संशोधन करणारे अनेक जण पुरस्काराची सूचना वाचून थेट फॉर्म शोधायला लागतात. फॉर्म सापडतो तेव्हा कळतं, की तो भरायचा अधिकार आपल्याला नाहीच. म्हणून सुरुवात एका प्रश्नाने करा: पुरस्कार शोधनिबंधाला आहे की पीएचडीच्या प्रबंधाला?

शोधनिबंधाचे पुरस्कार बहुधा परिषदेला बांधलेले असतात. इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन (स्थापना १९५९) या संघटनेचा कार्ल बेक पुरस्कार तिच्या वार्षिक अधिवेशनात विद्यार्थ्याने मांडलेल्या निबंधासाठी आहे. तिच्या अनेक उपशाखा आपापले विद्यार्थी-पुरस्कार वेगळे देतात, आणि तिथे स्पर्धा तुलनेने कमी असते असं माझं मत. पण निबंध अधिवेशनात वाचलाच नसेल, तर तो कितीही सरस असला तरी उपयोग नाही. अधिवेशनासाठी सारांश पाठवायची मुदत कित्येक महिने आधी संपते. म्हणजे पुरस्काराची तयारी खरं तर तेव्हाच सुरू होते.

प्रबंधाचं गणित निराळं. ब्रिटिश इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचा मायकेल निकोल्सन पुरस्कार, किंवा अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचा मर्झ टेट पुरस्कार (याला आधी हेलन ड्वाइट रीड यांचं नाव होतं) अशा ठिकाणी प्रबंध विभागामार्फत जातो. एका विभागाला बहुधा एकच नाव पाठवता येतं. तेव्हा व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) झाला की मार्गदर्शकांना आणि विभागप्रमुखांना स्वतःहून सांगा. संकोच करू नका. प्राध्यापकांना मुदती आठवत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

पात्रतेत सर्वांत फसवी अट तारखेची. प्रबंध सादर केल्याचा दिवस, व्हायवाचा दिवस आणि पदवी मिळाल्याचा दिवस यांत सहज वर्षभराचं अंतर पडतं, आणि नियमात यांतली एकच तारीख धरलेली असते. निबंधाच्या बाबतीत बहुधा सादरीकरणाच्या वेळी तुम्ही विद्यार्थी होता का, एवढंच पाहतात. त्यानंतर पदवी मिळाली तरी हरकत नसते. मार्गदर्शक सहलेखक असतील तर मात्र निबंध अनेकदा बाद होतो. दोन विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेला निबंध काही ठिकाणी चालतो. शंका असेल तर समितीला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

कागदपत्रं फार नसतात: निबंध किंवा प्रबंधाची पीडीएफ, सारांश, विद्यार्थी असल्याचं किंवा प्रबंध मंजूर झाल्याचं विभागाचं पत्र, काही ठिकाणी सदस्यत्व क्रमांक आणि शिफारसपत्र. सदस्यत्व मुदतीच्या दिवशी चालू हवं. ते संपल्याचं ऐन वेळी लक्षात येणं हा नेहमीचा घोळ.

शब्दमर्यादेत तळटीपा आणि संदर्भसूची धरतात का, ते बघून घ्या. निबंध परिषदेत मांडला त्याच रूपात मागितला असेल, तर नंतर सुधारलेला मसुदा पाठवू नका. नाव झाकून परीक्षण होणार असेल, तर पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. ऋणनिर्देश काढा, ‘माझ्या आधीच्या लेखात मी दाखवलं आहे’ अशी वाक्यं तृतीयपुरुषी करा आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचं नाव राहिलंय का तेही तपासा. ते हमखास राहतं.

शिफारसपत्र लिहिणाऱ्यांना आयतं टिपण द्या. परीक्षकांत तुमच्या उपविषयाबाहेरचे लोक असतात. ‘अत्यंत मेहनती विद्यार्थी’ या शब्दांतून त्यांना काहीच कळत नाही. या प्रबंधाआधी काय मानलं जात होतं आणि आता त्यातलं काय बदललं, कोणत्या अभिलेखागारातली कागदपत्रं किंवा कुणाच्या मुलाखती पहिल्यांदा वापरल्या, हे चार ओळींत पत्रात यायला हवं. मुलाखती गोपनीय असतील किंवा प्रबंध काही काळ खुला न करण्याची अट असेल, तर तो समितीला पाठवता येईल का हे आधी विद्यापीठाकडून लेखी घ्या. त्या परवानगीला फॉर्म भरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.