अंतरात मोजलेली वेळ

मुंबईत अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. दादरहून डोंबिवली किती लांब? ‘फास्ट मिळाली तर पाऊण तास.’ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, लेसरवर काम करणाऱ्यांचा हिशेब मात्र उलटा. ते वेळ अंतरात मोजतात.

कारण ही वेळ घड्याळात मावत नाही. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा एक अब्ज भाग करा. तो एक फेम्टोसेकंद. एवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 0.3 मायक्रोमीटर सरकतो. घन पदार्थातल्या अणूंना शेजाऱ्याच्या दिशेनं 0.1 नॅनोमीटर हलायला साधारण 100 फेम्टोसेकंद लागतात. बंध तुटणं, स्फटिक वितळू लागणं, सगळं याच वेळात उरकतं.

इतक्या वेगानं उघडझाप करणारं शटर कुणाकडेच नाही. मग काय करायचं? पावसाळ्यात रात्री वीज चमकते तेव्हा गरगर फिरणारा पंखा क्षणभर थिजलेला दिसतो. डोळा तोच, झटपट असतो तो उजेड. इथेही तेच: अंधार ठेवायचा आणि उजेडच फेम्टोसेकंदांचा करायचा. पण साधा उजेड चालत नाही. त्याची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, म्हणजे झाडूनं रांगोळीचे ठिपके काढण्यासारखं. अणूंच्या मापाचे तरंग क्ष-किरणांचे.

असे लखलखाट करायचा एक मार्ग अवाढव्य आहे. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डजवळ 2009 मध्ये सुरू झालेल्या यंत्रात जवळपास प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन उलटसुलट ध्रुवांच्या चुंबकांच्या रांगेतून नागमोडी जातात. सुरुवातीला दादरच्या पुलावरची गर्दी, ज्याची त्याची चाल वेगळी. पुढे स्वतःच सोडलेल्या क्ष-किरणांच्या ओढीनं ते दिंडीतल्या पावलीसारखे एका ठेक्यात येतात आणि प्रकाश कित्येक पटींनी प्रखर होतो. जर्मनीत हॅम्बुर्गजवळचं असंच यंत्र 3.4 किलोमीटर लांब आहे.

दुसरा मार्ग एका खोलीत मावतो. तीव्र लेसर तांब्यावर आदळला की इलेक्ट्रॉन उसळतात आणि तांब्यातून क्ष-किरणांचा अल्पजीवी झोत निघतो. तो चहूकडे पांगतो, फार प्रखरही नसतो. टीआयएफआरमध्ये गुळगुळीत तांब्याऐवजी तांब्याच्या नॅनोकणांचा थर वापरल्यावर क्ष-किरण वाढलेले दिसले (हे 2003 चं काम). पुढे तिथे लक्ष्यावर चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर देऊनही पाहिला, आणि तोही कामी आला!

आता स्क्रूची गंमत. एकच लेसर झोत दोन भागांत विभागायचा. एक भाग नमुन्याला धक्का देतो, दुसरा तांब्यावर पडून क्ष-किरण काढतो आणि धक्क्यानंतरचं चित्र टिपतो. किती नंतरचं? दुसऱ्या भागाच्या वाटेतला आरसा स्क्रू फिरवून 15 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतका मागे सरकवा. जाऊन-येऊन वाट 30 मायक्रोमीटरनं वाढते आणि चित्र 100 फेम्टोसेकंद उशिराचं मिळतं. स्क्रू आणखी फिरवा, पुढची चौकट. मोठ्या यंत्रात धक्क्याचा लेसर आणि क्ष-किरण वेगवेगळ्या उगमांतून येतात, त्यांची वेळ जुळवताना दमछाक होते. इथे दोघं एकाच झोताची भावंडं. मला तरी लहान यंत्राचा हा गुण फार मोलाचा वाटतो.

अशा चौकटींतून काय दिसतं? स्टॅनफर्डलाच, मोठं यंत्र येण्याआधी, इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाच्या स्फटिकावर लेसर मारून पाहिलं होतं. 2005 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वितळायचं तर आधी अणू तापायला हवेत, अशी आपली समजूत. पण लेसरनं बंधांतले इलेक्ट्रॉनच उचकटले होते. अणूंना ढकललं कुणीच नाही. खोलीच्या तापमानाला ते ज्या वेगानं थरथरत होते, त्याच वेगानं सरळ निघाले. फुगडीत हात सुटल्यावर दोघी निघतात, तसे.