पान खाल्लेलं दिसलं तर फवारणीआधी हे वाचा

सातारा शहर आणि उपनगरांतल्या आमच्या ग्राहकांसाठी, रोपवाटिकेतर्फे

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे रोज कुणी ना कुणी मोबाईलमधला फोटो दाखवायला येतं. कढीपत्त्याची पानं कुरतडलेली, त्यावर एक जाड हिरवी अळी आणि प्रश्न एकच: "यावर कोणतं औषध मारू?" आम्ही सांगतो, काहीच मारू नका. बऱ्याचदा त्याच ग्राहकाने आधी आमच्याकडून "फुलपाखरं येतील असं काहीतरी द्या" म्हणून रोपं नेलेली असतात. फुलपाखरू आलं होतं, त्याने अंडी घातली आणि ही त्याचीच अळी आहे.

कढीपत्त्यावरची अळी जरा जवळून बघा. अंड्यातून बाहेर पडल्यावर सुरुवातीचे दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे लक्ष देत नाहीत. मोठी झाली की पानाच्या रंगाची हिरवीगार होते. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर-नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ते शिंग टोचत नाही, अळी चावतही नाही. मुलांना अवश्य दाखवा. खाऊन झालं की ती एखाद्या फांदीला टेकून कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेते आणि तिथेच कोष करते. फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत कढीपत्त्याला नवी पालवी फुटू लागलेली असते. रोप अगदीच वीतभर असेल तर अळ्या अलगद उचलून मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. जास्वंदीवर नको, ती पानं त्या खाणार नाहीत.

मधासाठी फुलपाखराला पुष्कळ फुलं चालतात, अंडी घालायला मात्र ठरावीकच झाड लागतं. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेलं नीलवंत लिंबूवर्गीय झाडांवर वाढतं. केशरी पंखांना काळी किनार असलेलं फुलपाखरू रुईवर, काळपट-तपकिरी हबशी कण्हेरीवर आणि उंबरावर. पानफुटीची जाड पानं आतून पोखरलेली दिसली तर तिथेही एका छोट्या, सुंदर फुलपाखराचीच अळी असते. आणि आंब्यावरचं बांडगूळ काढायला माणूस बोलावलाच असेल, तर झाड मोठं आणि जोमाचं असल्यास एखादा झुपका राहू द्या. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू त्यावरच अंडी घालतं आणि इवलासा फुलटोच्या पक्षी त्याची फळं खातो.

आता पक्ष्यांचं. "दाणे ठेवतो, तरी चिमण्या टिकत नाहीत," असं शाहूपुरीपासून गोडोलीपर्यंत सगळीकडून ऐकू येतं. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना किडे आणि अळ्याच लागतात. शिंपी, शिंजीर, दयाळ, बुलबुल यांचंही तसंच. ज्या बागेत दर पंधरा दिवसांनी फवारणी होते, तिथे पिल्लांना भरवायला काही उरत नाही. खोका लावायचा असेल तर चिमणीसाठी भोक सव्वा इंचाचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरणार नाही. खोका कडक उन्हात टांगू नका. शिंप्याला खोका लागत नाही, तो मोठी पानं कडेने शिवून घरटं करतो. म्हणून छाटणीआधी झाड खालून-वरून नीट बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत कात्री बाजूला ठेवा.

गुलाबाबद्दल एक तक्रार नेहमी येते: पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेत. हे काम पानं कापणाऱ्या एका देशी माशीचं असतं. ती पोळं करत नाही, एकटी राहते. कापलेलं पान गुंडाळून एखाद्या पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात नेते, त्यात पराग आणि मध भरून एक अंडं घालते. गुलाबाचं काही बिघडत नाही आणि वांगी, भोपळा, दोडका असेल तर परागीभवनाला तिची मदतच होते. मधमाश्यांच्या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून 2022 मध्ये जाहीर झालेलं मांघर आपल्याच महाबळेश्वर तालुक्यात आहे. तिथल्या सातेरी या देशी मधमाशीला जे लागतं तेच तुमच्या अंगणात येणाऱ्या माशीला लागतं: वर्षभर काही ना काही फुललेलं आणि त्यावर विष नसलेलं.

म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं घरगुती बागेसाठी आम्ही देत नाही. ती झाडाच्या रसात भिनतात आणि परागात, मधातही उतरतात. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि थोडे दिवस थांबा. लाल-काळ्या ठिपक्यांचा भुंगेरा, ज्याला शेतकरी ढालकिडा म्हणतात, तो आणि त्याच्या काटेरी दिसणाऱ्या अळ्या मावा फस्त करतात. पिठ्या ढेकूण फारच झाला तर कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून फक्त त्याच फांदीवर, संध्याकाळी, फुलं टाळून मारा. कडुनिंबाचं आहे म्हणून कुठेही मारलं तरी चालतं, हा समज चुकीचा आहे. फुलपाखराच्या अळ्या त्यानेही मरतात.

कोणती झाडं न्यावीत? प्लॉटवर मुरूम आणि बांधकामाचा राडारोडाच असेल तर कारपेट लॉनवर पैसे घालण्याआधी अडुळसा, निर्गुडी आणि करवंद यांचा विचार करा. तिन्ही मुरमाड जागेत तग धरतात, एकदा रुजल्यावर फार पाणी मागत नाहीत. करवंदाच्या काटेरी कुंपणात पक्षी निर्धास्त घरटी करतात. धायटी आम्हाला स्वतःला फार आवडते. आपल्या डोंगरउतारांवर उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या फांद्या लालभडक फुलांनी भरतात आणि शिंजीर त्यावर दिवसभर असतात. कुंपणालगत दहा फूट जागा असेल तर जरूर लावा. अंगण मोठं असेल तर ताम्हण किंवा बहावा. उंबर उत्तम, पण घराच्या भिंतीपासून लांब. नुसती गच्ची असली तरी हरकत नाही. कुंडीतला कढीपत्ता, तुळस, पानफुटी आणि एकेरी जास्वंद पुरेशी आहे. भरगच्च पाकळ्यांच्या फुलात माशीला मध-परागापर्यंत पोचता येत नाही, तेव्हा निदान एक तरी एकेरी जात ठेवा.

सप्टेंबरमध्ये कास पठारावरची फुलं मागणारे बरेच जण येतात. ती आम्ही विकत नाही, विकणारही नाही. जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत आणि तिथल्याच पावसात ती वाढतात. सीतेची आसवं तर किडे पकडून गुजराण करणारी वनस्पती आहे, कुंडीतल्या खतमातीत ती जगणार नाही. पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 पासून कास जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून कुणी रोप उपटून आणून देत असेल तर घेऊ नका.

पाण्यासाठी पसरट मातीचं भांडं घ्या, खोली दीड-दोन इंच, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि दोन दिवसांतून एकदा भांडं आतून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. सांडलेल्या पाण्याने ओली झालेली माती तशीच राहू द्या, फुलपाखरं तिच्यातले क्षार शोषायला बसतात. गळलेली पानं जाळू नका, झाडाच्या बुंध्याशी पसरा. बागेतले दिवे झोपताना बंद करा.

सापाची भीती स्वाभाविक आहे, विशेषतः शाहूनगरसारख्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या वस्तीत. साप येतो तो बहुधा उंदरांमागे. खरकटं उघड्यावर टाकू नका, विटा-लाकडांचा ढीग घरापासून दूर ठेवा, दाराखालची फट बुजवा, रात्री बॅटरीशिवाय बागेत जाऊ नका. धामण बिनविषारी आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी काही असल्याची शंका आली तर लांबून लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. साप मारणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

रोपं न्यायला येताना जागेचा फोटो आणा आणि तिथे ऊन किती तास असतं ते पाहून या. लागवडीला जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलै उत्तम. अळी, किडा, घरटं, काहीही ओळखायचं असेल तर फोटो घेऊन या, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. रिकाम्या काळ्या पिशव्या आणि कुंड्या आम्ही परत घेतो.