इंग्रजीचा 'प' उशिरा का सुटतो?

देवनागरीत जगातला कुठलाही उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो, असा दावा मराठी भाषा दिनाच्या आसपास हमखास फिरतो. त्याच भरवशावर मराठीतून इंग्रजी शिकवणारी पुस्तकं 'पिन', 'टाउन', 'कोट' असे उच्चार छापतात. ते तसेच्या तसे म्हटले, तर लंडन किंवा शिकागोच्या माणसाला 'बिन', 'डाउन', 'गोट' ऐकू येण्याचा संभव बराच. बोलणाऱ्याचे ओठ योग्य जागी मिटलेले असतात. चुकतं ते वेळेचं गणित.

'प' म्हणताना दोन घटना घडतात. मिटलेले ओठ उघडतात आणि स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंची थरथर सुरू होते. या दोहोंमधलं अंतर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी 1964 साली अकरा भाषांमधलं हे अंतर मोजून प्रसिद्ध केलं, आणि त्या अकरांत मराठीही होती. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'ला सरासरी 58, 'ट'ला 70 आणि 'क'ला 80 मिलिसेकंद लागतात. मराठी 'प'चं अंतर जवळजवळ शून्य. आपल्या 'ब'मध्ये तर ओठ उघडण्याआधीच थरथर चालू असते. इंग्रजी 'ब' मात्र शब्दारंभी बहुधा शून्याच्या आसपासच असतो, म्हणजे नेमका आपल्या 'प'च्या जागी. इंग्रजी कानाची 'ब' आणि 'प' यांच्यातली सीमा साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांवर आहे. आपला 'प' त्या सीमेच्या अलीकडे पडतो, म्हणून तो 'ब' ठरतो.

मग 'प'ऐवजी 'फ' म्हणावा का? शाळेतल्या व्याकरणाप्रमाणे 'फ' हा 'प'चा महाप्राण, त्यामुळे उत्तर 'हो' असायला हवं. पण आज कित्येक मराठी बोलणारे 'फ' म्हणताना ओठ पुरते मिटतच नाहीत, खालचा ओठ दातांना लावून हवा घासत सोडतात. त्यांनी 'फिन' म्हटलं तर इंग्रज माणसाला माशाचा पर आठवेल. ओठ घट्ट मिटा, 'प' सोडा आणि लगेच हलकासा 'ह' येऊ द्या. 'क'चं सोपं आहे. 'ख' थोडा हलका केला की काम झालं.

खरी गंमत 'स'नंतर येते. 'स्पिन', 'स्टॉप', 'स्काय' यांत इंग्रजीही आपलाच कोरडा 'प', 'ट', 'क' वापरते. कारण गळ्यात आहे. 'पिन'साठी ओठ मिटलेले असताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर होतात, आणि ओठ सुटण्याच्या सुमारास ही फट सर्वांत रुंद असते. तंतू पुन्हा जवळ येऊन थरथरू लागेपर्यंत नुसती हवा वाहते, तोच तो 'ह'. 'स्पिन'मध्ये फट दोनदा उघडत नाही. 'स' आणि 'प' मिळून एकदाच उघडते, 'स' चालू असताना सर्वांत रुंद होते आणि ओठ सुटेपर्यंत जवळजवळ मिटलेली असते. वाहायला हवाच उरत नाही. 'प्लीज' किंवा 'क्लिअर'मध्ये उलट घडतं. तिथे हवा पुढच्या 'ल'वर सांडते आणि 'ल'चा सुरुवातीचा भाग कुजबुजल्यासारखा होतो.

आघाताचाही हिशेब आहे. 'रॅपिड'मध्ये जोर 'रॅ'वर, म्हणून 'प' कोरडा. 'रॅपिडिटी'त जोर 'पि'वर सरकतो आणि 'प' फुलतो. 'कॉम्प्यूटर'मध्ये 'प्यू' फुलवायचा, 'ट' नाही.

तपासणीला पातळ कागदाची दोन बोटं रुंद पट्टी पुरते. ती ओठांपासून पाचेक सेंटिमीटरवर धरा. 'पिन'ला ती उडाली पाहिजे, 'स्पिन'ला स्थिर राहिली पाहिजे. 'क'ला पट्टी फारशी हलत नाही, तिथे तळहातावर ऊब जाणवते का ते पाहा. आकडाच हवा असेल तर 'प्रात' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. आवाज मुद्रित करून उघडा, तरंग मोठा करा. ओठ सुटल्याची बारीक उभी रेघ दिसते, मग खरखरीत पट्टा, मग नियमित लाटा. रेघेपासून पहिल्या लाटेपर्यंतचा भाग निवडला की कालावधी सेकंदांत दिसतो, 0.058 म्हणजे 58 मिलिसेकंद. मायक्रोफोन तोंडासमोर नको, बाजूला ठेवा. फुंकर थेट त्यावर आदळली तर तरंग फुगतो आणि रेघ सापडत नाही. सरावात दोन चुका नेहमी होतात: 'ह' इतका लांबतो की 'पहिन' होतं, किंवा हुरूप आल्यावर 'स्फिन'ही म्हटलं जातं.

'ट'ला आणखी एक दुरुस्ती लागते. मराठी 'ट'साठी जीभ मागे वळते. इंग्रजीत तिचं टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्यावर टेकतं. ही सवय वेखंड चाटवून सुटत नाही, आणि 'महिन्याभरात अमेरिकन ॲक्सेंट' विकणाऱ्या क्लासनेही नाही. त्यांतले बरेच जण 'र' वळवायला शिकवतात आणि 'प'ला हातच लावत नाहीत.

भारतीय माणसांशी इंग्रजी बोलताना यातलं काही करण्याची गरज नाही, आपला 'ब' इतका ठसठशीत असतो की 'प'शी घोटाळा होत नाही. परदेशी माणसाशी बोलतानाही पूर्ण वाक्यात संदर्भ सांभाळून घेतो. अडतं ते फोनवर एकेक अक्षर सांगताना. ब्रिटनमधला पोस्टकोड, आडनावाचं स्पेलिंग, तिकिटाचा कोड यांत 'पी'चा 'बी' आणि 'टी'चा 'डी' होतो, आणि सावरायला संदर्भ नसतो. सराव तिथूनच सुरू करावा: 'पी', 'टी', 'के', पट्टी समोर धरून.