माणदेशातील ऋतुमान : पिके, पशुधन व चराऊ रानांवरील परिणाम

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या माणगंगा नदीच्या खोऱ्याला माणदेश म्हणतात. सातारा जिल्ह्यातील माण तालुका व खटावचा काही भाग, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा या प्रदेशाचा गाभा असून लगतच्या जत व कवठे महांकाळ तालुक्यांचे हवामानही याच जातीचे आहे. माणगंगा महादेव डोंगररांगेत उगम पावते आणि पंढरपूर तालुक्यात भीमेला मिळते. वर्षातील बहुतेक काळ तिचे पात्र कोरडे असते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तर तेथून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीच्या परिसरात तो सुमारे ४५० ते ५५० मिमी इतकाच उरतो. मात्र माणदेशाची शेती समजून घ्यायची असेल, तर हा एकूण आकडा फारसा उपयोगाचा नाही. येथे पाऊस किती पडला यापेक्षा तो कोणत्या नक्षत्रात पडला, यावर धान्य, कडबा आणि गवत ही तिन्ही ठरतात.

नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर बाष्प रिते करून पठारावर उतरतात, त्यामुळे जुलै व ऑगस्टमध्ये, म्हणजे कोकण व घाट झोडपून निघत असताना, माणदेशात ढग येतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि पाऊस मात्र भुरभुर पडून जातो. पुनर्वसूचा ‘तरणा’ आणि पुष्याचा ‘म्हातारा’ पाऊस येथे अनेकदा नावापुरताच असतो. पावसाची खरी हजेरी दोनदा लागते: पहिली जूनमध्ये, वळवाचा व मृगाचा पाऊस म्हणून, आणि दुसरी, अधिक भरवशाची, सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, उत्तरा व हस्त नक्षत्रांत. सप्टेंबर हा बहुधा वर्षातील सर्वाधिक पावसाचा महिना असतो. परतीच्या मोसमी पावसाबरोबर बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टेही या दिवसांत पठारावर पाऊस आणतात. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण महाराष्ट्रभर ठाऊक आहे. परंतु रब्बी ज्वारीच जिथे मुख्य पीक आहे, तिथे ती अक्षरशः खरी ठरते.

खरिपाचे पीक हलक्या, मुरमाड जमिनींवर घेतले जाते आणि त्यात बाजरीचा वाटा मोठा आहे. बाजरी कमी ओलीवर उगवते, वाढीच्या मधल्या खंडात तग धरते आणि खंड संपताच पुन्हा जोम धरते, म्हणून तिच्याबरोबर मटकी, हुलगा व तूर यांचा पेरा करून शेतकरी जोखीम वाटून घेतो. बाजरीचे नुकसान दुष्काळाप्रमाणे ओलाव्यानेही होते: कणीस फुलोऱ्यात असताना रिमझिम व ढगाळ हवा टिकली, तर अरगट हा बुरशीजन्य रोग पडतो, आणि दमट हंगामात गोसावी रोगाने कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो. मृग कोरडा गेल्यास पेरणी लांबते. मग बाजरी सोडून रान रब्बीसाठी राखून ठेवणे हा निर्णय अनेक घरांत घेतला जातो.

माणदेशाचे भवितव्य रब्बी ज्वारीवर ठरते. ही ज्वारी पावसावर वाढत नाही, ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असे सुमारे दीडशे ते दोनशे मिमी पाणी साठवू शकते, आणि सप्टेंबरच्या पावसाने ही साठवण भरली, तर त्यानंतर एकही सर न येता पीक हाती लागू शकते. पेरणीची वेळ साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी मानली जाते आणि तिच्या दोन्ही कडांना धोका आहे. पेरा लवकर झाला, तर खोडमाशीचा उपद्रव वाढून पोंगे, म्हणजे रोपांचे कोवळे शेंडे, मरतात. उशीर झाला, तर दाणा भरण्याच्या वेळी ओल संपते. फुलोऱ्यानंतर जमीन कोरडी पडली की खडखड्या रोग बळावतो, ताटे बुंध्याशी पोकळ होऊन लोळतात आणि धान्याबरोबर कडब्याचीही प्रत जाते. काळी जमीन सुकताना भेगाळते व त्या भेगांतून उरलीसुरली ओल उडून जाते, म्हणून ज्वारीला दोन-तीन वेळा कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती हलवण्याची मशागत, देऊन भेगा बुजवल्या जातात. तण काढण्यासाठी म्हणून जी कोळपणी दिसते, ती येथे प्रत्यक्षात पाणी राखण्याचे काम करते.

या प्रदेशात मालदांडी ज्वारीचे स्थान आजही मोठे आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवड पद्धतीने तयार झालेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सुमारे १२० दिवसांत तयार होतो. त्याची भाकरी गोड व मऊ होते आणि कडबा जनावरे आवडीने खातात. त्याच्यानंतर जास्त उत्पादन देणारे वाण आले, तरी अवर्षणातही किमान काही देणारा म्हणून शेतकऱ्याने तो सोडला नाही. कोरडवाहू शेतीचे शास्त्रीय संशोधनही याच पट्ट्याच्या आसपास उभे राहिले: १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे त्याची सुरुवात झाली आणि १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेती संशोधन केंद्र स्थापन झाले. बांधबंदिस्ती, उन्हाळ्यात सपाट वाफे पाडून पावसाचे पाणी जागेवरच मुरवणे, विरळ पेरणी आणि आंतरमशागत या तेथून पुढे आलेल्या शिफारशींचा रोख एकच होता: सप्टेंबरचे पाणी जानेवारीपर्यंत पुरवणे.

थंडीचाही यात वाटा आहे. डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचे दव हरभऱ्याला व करडईला मानवते. करडईचे सोटमूळ खोल जाऊन खालची ओल शोधते, म्हणून ती ज्वारीच्या पाट्यांमध्ये सोबतीला असते. याच दिवसांत आभाळ आले, तर हरभऱ्यावर घाटे अळी आणि ज्वारीवर मावा व चिकटा पडतो. काढणीच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारी अवकाळी सर व गारपीट ही सर्वांत जिव्हारी लागणारी आपत्ती होय, कारण तोपर्यंत सर्व खर्च व कष्ट पिकात गेलेले असतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यभर रब्बी पिके आणि फळबागा झोडपल्या. अशा पावसात ज्वारीचा दाणा काळा पडतो आणि भिजलेला कडबा बुरशी धरतो. आटपाडी-सांगोल्याच्या डाळिंबबागांना दमट हवेचे भय वेगळेच असते; ज्या बहारावर पाऊस टिकून राहतो, त्यावर तेल्या रोग पसरतो. मृग, हस्त आणि आंबे ही बहारांची नावेच सांगतात की फळबागेचे वेळापत्रकही ऋतूंनी आखले आहे.

शेतकऱ्याच्या हिशेबात कडब्याचे मोल दाण्याच्या बरोबरीचे असते. रब्बी ज्वारीत धान्याच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट कडबा निघतो. पेंढ्या बांधून त्याची गंज रचली जाते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत दावणीची जनावरे तिच्यावर जगतात. खिलार हे याच पट्ट्यातील गोधन आहे: पांढऱ्या-करड्या रंगाचे, लांब शिंगांचे, चपळ आणि कमी चाऱ्यावर काम देणारे. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीच्या सिद्धनाथ यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि त्या वर्षीचा चारा कसा आहे, हे तेथील भावातून लगेच कळते. चाऱ्याची चणचण असली की विकणारे वाढतात, घेणारे आटतात आणि चांगली जोडीही पडत्या भावाने जाते. अर्धवट अवर्षणात एक निराळा धोका असतो. पाण्यावाचून खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत विषारी द्रव्य साठते आणि भुकेली जनावरे ती खाऊन फुगतात, धापा टाकतात व काही वेळातच दगावतात. याला ‘किराळ लागणे’ म्हणतात. उभे पीक वाया गेले म्हणून त्यात जनावरे सोडण्याची घाई यामुळेच महागात पडते.

पावसाळ्याची सुरुवात जनावरांच्या आजारांचीही सुरुवात असते. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी मृगापूर्वी टोचून घ्याव्या लागतात. उन्हाळाभर वाळल्या काड्यांवर काढलेल्या मेंढ्यांना पहिल्या पावसाचे लुसलुशीत गवत एकदम भरपूर मिळाले की आंत्रविषाराने धडधाकट मेंढ्या रातोरात मरतात, आणि चिलटांची पैदास वाढली की नीलजिव्हा रोग पसरतो.

पठाराच्या ऋतुमानाला सर्वांत बारकाईने जुळवून घेतले आहे ते मेंढपाळीने. काळ्या, भरड लोकरीची दख्खनी मेंढी आणि जत तालुक्यातील माडग्याळ गावावरून नाव पडलेली उंचपुरी माडग्याळ मेंढी या दोन्ही कोरड्या हवेच्या जाती आहेत. पावसाळ्यात धनगरांचे कळप माणदेशातच राहतात, कारण माळावर तेव्हा गवत असते आणि पाऊस मेंढीला सोसेल इतकाच असतो. कोकणच्या चिखलात त्याच दिवसांत खुरे कुजतात, लोकर ओली राहते आणि यकृतात पर्णकृमी शिरतात. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास चित्र उलटते. माळावरचे गवत वाळते, काळ्या रानांत ज्वारी उभी असल्याने तेथे कळप नेता येत नाही, आणि कोकणात तेव्हा भात कापून खाचरे मोकळी झालेली असतात. मग घोड्यांवर संसार आणि नुकती जन्मलेली कोकरे लादून वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तांडे, घाट उतरतात. शेतकरी खाचरात रात्रभर मेंढ्या बसवून घेतो आणि त्या खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. वैशाख-ज्येष्ठात, वळवाच्या सरींबरोबर, वाडे परत येतात. नकाशा वा हवामानखात्याचा अंदाज हाती नसतानाच्या काळात हा क्रम बसला आणि तो इतका अचूक आहे की पठार व किनारपट्टी या दोन्हींच्या ऋतुमानाचा अभ्यास त्यातून करता येतो.

हे सगळे ज्या माळरानावर उभे आहे, त्याच्याकडे मात्र फार दुर्लक्ष झाले. मारवेल, पवना, डोंगरी व अंजन ही येथील कसदार बहुवर्षायू गवते. पहिल्या दोन सरींनी त्यांचे ठोंब हिरवे होतात आणि भाद्रपदापर्यंत ती चराईला उत्तम असतात. अतिचराई झाली की ती मागे हटतात आणि कुसळी पसरते. कुसळीही कोवळेपणी खाण्याजोगी असते, परंतु बी धरल्यावर तिची अणकुचीदार कुसळे लोकरीत रुततात, कातडीत शिरतात आणि तोंडाला जखमा करतात. जूनच्या पावसानंतर लगेच कळप सोडले, तर ठोंबांना मुळे भरायला अवसर मिळत नाही. म्हणून काही गावे कुरण राखत आणि बी गळून गेल्यावर दिवाळीच्या पुढे गवताची कापणी करत. माळरानाला पडीक जमीन मानून त्यावर चर खणणे आणि गिरिपुष्पासारखी झाडे लावणे, हा हिरवाई वाढवण्याचा मार्ग समजला गेला. अर्धशुष्क गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे आणि तिला ओसाड ठरवणे ही शास्त्रीय चूक आहे, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. गायरानांवरील अतिक्रमणे आणि उद्योग व सौर प्रकल्पांसाठी होणारी मागणी यांनी उरलेली चराऊ राने आणखी आक्रसली आहेत.

सलग दोन पावसाळे हुकले की ही सारी साखळी तुटते. १८७६–७८ आणि १८९६–१९०० या काळातील दुष्काळांनी येथील माणसे व जनावरे मोठ्या संख्येने नेली. १९७२–७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो हात राबले आणि त्या अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. २०१२–१३ व २०१८–१९ मध्ये माणसांना अन्न मिळाले, पण जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तेथे ऊस आणि उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, यांवर खिलार व संकरित गायी जगवण्यात आल्या. वाढ्यात पोषण कमी असते आणि त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरातील कॅल्शियम घटते, तरीही दुसरा पर्याय नव्हता. दाणा बाहेरून आणता येतो, परंतु कडबा अवजड असल्याने दुरून आणणे परवडत नाही. म्हणून अलीकडच्या दुष्काळांत पहिला घाव दावणीवर बसतो.

कृष्णा खोऱ्यातील पाणी उचलून देणाऱ्या टेंभू, उरमोडी यांसारख्या योजनांनी गेल्या काही वर्षांत आटपाडी, सांगोला व माणच्या काही भागांत बदल घडवला आहे. जिथे पाणी पोहोचले, तिथे ऊस, मका आणि डाळिंब आले, दुधाच्या संकरित गायी वाढल्या आणि हिरव्या चाऱ्याची सोय झाली. त्याच शिवारांत रब्बी ज्वारीचा पेरा कमी होऊन कडबा महागला. शिवाय बारमाही पिकांमुळे सुगीनंतर मोकळे पडणारे रान उरले नाही, आणि मेंढ्यांना फिरायला असलेली वाट ऊस व बागांच्या कुंपणांत अडली. कोकणातही आंबा-काजूच्या बागांना कुंपणे घातली गेल्याने वाड्यांचे जुने मुक्काम मोडत आहेत, त्यामुळे काही कळप आता घाट न उतरता पठारावरच्याच कापसाच्या व सोयाबीनच्या मोकळ्या रानांकडे, पूर्वेला वळू लागले आहेत.